पाणी पिणाऱ्याचा लेक

लेकीकडे आयर्लंडला, डब्लिनला आले की माझा रविवार ठरलेला असतो. पोहे झाले की ग्लासनेविनच्या बोटॅनिक गार्डनची बस. बागेला तिकीट नाही. तिथल्या पाम हाऊसमध्ये, म्हणजे ताडामाडांच्या काचघरात, पाऊल टाकताक्षणी चष्म्यावर वाफ धरते. मग दिसत काहीच नाही, नुसता आमच्या कोकणातल्या परसासारखा ओला, कोंदट वास. ओढणीने काचा पुसेपर्यंत मी त्या वासातच उभी असते.

ही बाग पूर्वी लोकांना रविवारी बंद असायची. कामगाराला सुट्टी तेवढी त्याच दिवशी, आणि फाटकाला नेमकं तेव्हाच कुलूप! रविवार देवाचा, त्या दिवशी करमणूक कसली, असं मानणारे बरेच होते. 1861 मध्ये ते कुलूप निघालं. त्यासाठी झटणाऱ्यांत पुढे होते जेम्स हॉटन.

जन्म 1795 चा, आयर्लंडमधल्याच कार्लोचा, घर क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं. डब्लिनमध्ये धान्याचा आणि पिठाचा व्यापार. म्हणजे आपल्याकडच्या दाणेबाजारातले शेठच. पण शेठजींना खरी खोड वर्तमानपत्रांना पत्रं लिहिण्याची. आपल्या प्रत्येक कॉलनीत असे एक काका असतातच. संपादकांना पाठवलेल्या पत्राचं कात्रण दाखवल्याशिवाय ते चहा घेऊ देत नाहीत. हॉटननी 1835 च्या सुमाराला सुरुवात केली ती थेट 1872 पर्यंत. पहिल्या पत्रांखाली सही असे ‘पाणी पिणाऱ्याचा लेक’. दारू नको, गुलामगिरी नको, फाशी नको, युद्ध नको. हिंदुस्थानच्या प्रश्नावरही त्यांनी लिहिलं. 1840 मध्ये हॉटन आणि त्यांच्यासारख्या मंडळींच्या दर आठवड्याला सभा भरत. तिथे इतके विषय निघत, की एका संपादकाने त्यांचं नावच ठेवलं: ‘सगळ्याच्या विरोधातले’.

1846 मध्ये हॉटननी मांसाहारही सोडला. त्याच साली आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक जवळजवळ सगळं कुजलं होतं. गरिबाच्या ताटात मांस आधीही नव्हतं, आता बटाटाही गेला. खरं सांगू, असा माणूस घरात असता तर मला जाचच झाला असता.

आणि एका बाबतीत माझं त्यांच्याशी पटतच नाही. डब्लिनजवळ डॉनिब्रूकची जत्रा भरायची, 1204 पासूनची. दारू आणि मारामाऱ्या इतक्या, की इंग्रजीत ‘डॉनिब्रूक’ म्हणजेच राडा असा अर्थ रुजला. 1855 मध्ये ती बंद पडली, त्यात हॉटन यांचाही हात होता. जत्रेत वाढलेल्या मला हे लागतं. पण पुढे सहाच वर्षांनी याच माणसाने बागेचं फाटक उघडायला लावलं. माणसाला पिऊ नको म्हणायचं तर त्याने रविवारी जायचं कुठे, हे त्या बाजारातल्या माणसाला बहुधा कळलं असावं.

बागेला लागून स्मशान, आणि स्मशानाच्या फाटकाशी 1833 पासूनचा एक पब. मागच्या रविवारी जावई मला घ्यायला आले.

‘‘आई, इथले लोक बागेतून थेट तिकडेच जातात. चला की!’’

आत गर्दी होती. त्यांनी काळी, फेसाळ बिअर घेतली. मी पाणी मागितलं.