तुम्ही विचारलंत म्हणून: भावना जपत बसलो तर काम कधी व्हायचं?

नव्याने टीम लीड झालेली मंडळी मला हा प्रश्न हटकून विचारतात. डोक्यावर डेडलाइन असताना तो पडणारच.

काही वर्षांपूर्वी टीममधला एक मुलगा संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हातात उघडा लॅपटॉप. "मॅडम, पाच मिनिटं आहेत?" क्लायंटला गेलेल्या फाइलमध्ये जुने आकडे राहिले होते. स्क्रीनवरची नजरही न काढता मी म्हणाले, "हे आत्ता सांगतोयस?" आवाज चढला नव्हता. पण त्याने लॅपटॉप मिटला, "सॉरी, मी बघतो" म्हणाला आणि गेला. फाइल त्याच रात्री दुरुस्त झाली. त्यानंतर कितीतरी दिवस कुणीच चूक घेऊन माझ्याकडे आलं नाही. मला वाटलं, टीम सुधारली. मग एक मोठा घोळ थेट क्लायंटच्या फोनवरून कळला. टीममध्ये तो सगळ्यांना आधीच ठाऊक होता.

संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, ही त्यांची अपेक्षा. आकडे उलटे निघाले: जिथलं नेतृत्व चांगलं, तिथे चुकांची नोंद जास्त. तिथे माणसं जास्त चुकत होती असं नाही, तर झालेली चूक न घाबरता बोलून दाखवत होती, हा त्यांनी काढलेला अर्थ. हे वाचलं तेव्हा मला तो मिटलेला लॅपटॉप आठवला.

म्हणून माझं उत्तर: भावना ओळखता आल्या, तरच वाईट बातमी वेळेत तुमच्यापर्यंत पोचते. याचा गोड बोलण्याशी संबंध नाही. सॅलोव्ही आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली तेव्हाही मुद्दा हाच होता, की स्वतःच्या आणि समोरच्याच्या भावना ओळखायच्या, त्यांतला फरक समजून घ्यायचा आणि त्या माहितीचा विचार करताना, वागताना उपयोग करायचा. भावना ही माहिती आहे. त्या संध्याकाळी मला वाटलं होतं की मी चिडलेय. खरं तर मी घाबरले होते, कारण दुसऱ्या दिवशी वरिष्ठांपुढे मला उत्तर द्यायचं होतं. ती भीती मी ओळखली असती, तर त्याच्यावर काढली नसती. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीतीसारख्या भावनांशी जोडलेल्या भागाची, प्रतिक्रिया शमते, असं २००७च्या एका मेंदू-स्कॅन अभ्यासात दिसलं आहे. मी आता मनातल्या मनात तो शब्द उच्चारते आणि मगच बोलते. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बरं झालं सांगितलंस. आता काय करावं लागेल?"

कच्चं काम कच्चं आहे, हे मी आजही सांगते. त्याच दिवशी, एकट्याला बोलावून.

त्या मुलाची मी नंतर माफी मागितली. तो "काही नाही, मॅडम" म्हणाला. पण पुढे बरेच महिने तो काही बिनसलं की ईमेलच पाठवायचा, टेबलापाशी यायचा नाही.