लाल टोपीची सिरिंज

इंग्लंडमधला फार्मासिस्ट 'नाही' म्हणतो तेही इतक्या अदबीनं, की आपण त्याचे आभार मानून बाहेर पडतो आणि पार कोपऱ्यावर पोचल्यावर लक्षात येतं, आपल्याला चक्क रिकाम्या हातानं परत पाठवलंय. मला इन्सुलिन हवं होतं. माझ्यासाठी नव्हे, गुंड्यासाठी.

गुंड्या जुन्या वाचकांच्या ओळखीचा आहे. नव्यांनी एवढंच समजावं की तो टेरियर आहे, वयानं उतरणीला लागलाय आणि स्वभावानं आमच्या थोरल्या काकांसारखा आहे: सगळ्यांवर भुंकतो, पण कुणाचं वाईट चिंतत नाही. मध्यंतरी त्याचं पाणी पिणं अचानक वाढलं. रात्री-अपरात्री दाराशी उभं राहून कुंईकुंई सुरू झालं. खाणं दुप्पट, आणि तरी पाठीवरून हात फिरवला की बरगड्या लागायच्या. ज्या घरात आईची साखर हा रोजचा विषय होता, तिथे वाढलेल्या मुलीला याहून जास्त काय सांगावं लागतं? रक्ताचा रिपोर्ट यायच्या आधीच मी आईला फोन करून टाकला, "तुमच्यात एक मेंबर वाढलाय बघ."

रिपोर्ट आला तेव्हा बाबांनी आकडा विचारला. मी म्हटलं, अठरा. "अठरा? अगं, मग साखर खूपच कमी झालीय, काहीतरी गोड दे त्याला आधी!" इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्याकडच्या मिलिग्रॅममध्ये सांगायची तर अठरानं गुणायचं, म्हणजे गुंड्याची साखर सव्वातीनशेच्या घरात होती. हे ऐकल्यावर बाबा गप्प झाले, आणि मग घरातल्या प्रत्येकानं आपापली गोळी सुचवली. गोळीचा इथे उपयोग नाही. कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा माणसांच्या टाइप १ सारखा असतो. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच संपलेल्या असतात, त्यामुळे त्यांना चालना देणाऱ्या गोळ्या कुणाला चालना देणार? पहिल्या दिवसापासून सुई, आणि ती जन्मभर. मांजरांमध्ये कधीकधी इन्सुलिन बंद करता येतं म्हणे. गुंड्याला हे सांगितलेलं नाही, आधीच त्याचं मांजरांशी पटत नाही.

तर इन्सुलिन. व्हेटनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, कॅनिन्सुलिनची बाटली लिहून दिली. खास प्राण्यांसाठी परवाना असलेलं औषध, आणि किंमतही तशीच खास. माझा हिशेब सरळ होता. इन्सुलिन ते इन्सुलिन, माणसांच्या दुकानात स्वस्त मिळेल. शिवाय या देशात इन्सुलिनवर असलेल्या माणसाला सरकारी आरोग्यसेवेतून ते फुकट मिळतं, म्हणजे दुकानात साठा तर असणारच. फार्मासिस्टनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, प्राण्यासाठी माणसांचं औषध द्यायचं तर व्हेटची तशी स्पष्ट चिठ्ठी लागते, आणि व्हेट ती देणार नाहीत.

व्हेटनी खरंच दिली नाही. इथे 'कॅस्केड' नावाचा नियम आहे. एखाद्या आजारावर त्या प्राण्यासाठी परवाना असलेलं औषध देशात उपलब्ध असेल, तर आधी तेच द्यायचं. ते लागू पडलं नाही किंवा मिळेनासं झालं, तरच पुढच्या पायरीवर जायचं. माणसांचं औषध त्या खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर आहे. आणि मला सगळ्यात झोंबली ती पुढची गोष्ट: दुसरं औषध स्वस्त आहे, हे पायरी उतरायला कारण होऊ शकत नाही. परवडत नाही हे कारण नाही! आपण ज्या देशातून आलो तिथे हे सगळ्या निर्णयांमागचं पहिलं कारण असतं, आणि ते सांगायला कुणी लाजत नाही. मी व्हेटशी वाद घातला. म्हटलं, माझ्या आईला चालतं ते कुत्र्याला का नाही? त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून नियम दाखवला. इथे वाद असेच मिटतात. आवाज चढायच्या आत कागद पुढे येतो. सांगून ठेवते, हे कौतुक नाही. भांडायची हौस भागत नाही आणि वर आपणच अडाणी ठरतो.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं, तर ते पेटलेच. "कसले नियम! आपल्याकडे तुझ्या आईच्या लाल टोपीच्या सिरिंजा ढीगभर पडल्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो."

आणि इथे गोष्ट उलटी फिरली. व्हेटनी औषधाबरोबर दिलेल्या सिरिंजच्या टोप्याही लालच होत्या.

भारतात इन्सुलिनच्या कुपीवर आजही सर्रास '४० आययू' लिहिलेलं असतं. एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. तिची सिरिंज लाल टोपीची. केशरी टोपीची सिरिंज शंभरवाल्या इन्सुलिनची. हे आपल्याकडे मधुमेही घरातल्या शाळकरी पोराला पाठ असतं. ब्रिटनमध्ये मात्र माणसांचं चाळीसवालं इन्सुलिन १९८०च्या दशकातच मोडीत निघालं, सगळे शंभरवर गेले. चाळीस उरलं ते प्राण्यांपुरतं. त्यामुळे नर्सनं मला ही गोष्ट चेहरा गंभीर करून, एकेक शब्द तोलून सांगायला घेतली, की या लाल टोपीच्या सिरिंजऐवजी चुकूनही दुसरी वापरू नका. मी तिचं वाक्य पुरं केलं. चाळीसचं इन्सुलिन शंभरच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर जातात चारच युनिट. उलट केलं, शंभरचं इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये, तर दहाच्या जागी पंचवीस, आणि जनावर जिवानिशी जाऊ शकतं. ती थक्क झाली. विचारलं, तुम्ही या क्षेत्रात आहात का? नाही हो, मी भारतातली आहे. एवढ्या वर्षांत या वाक्यानं मला इतका मान क्वचितच मिळवून दिलाय. आईनं आयुष्यभर वापरलेली वस्तू इथे कुत्र्यासाठी राखून ठेवलीय याचं वाईट वाटून घ्यायचं राहूनच गेलं. नंतर वाटलं, पण थोडंच. चाळीसचं इन्सुलिन कमी प्रतीचं नसतं, फक्त पातळ असतं, आणि त्यानं माझी आई ठणठणीत आहे.

कॅस्केडवरचा माझा राग मात्र एका माहितीनं बराच उतरला. इन्सुलिनचा रेणू एक्कावन्न अमिनो आम्लांचा. कुत्र्याचं आणि डुकराचं इन्सुलिन यात तंतोतंत सारखं, आणि माणसाचं एका ठिकाणी वेगळं. कॅनिन्सुलिन डुकराच्या इन्सुलिनपासून केलेलं असतं. म्हणजे कुत्र्याच्या शरीराला ते घरचंच वाटतं. नियम करणाऱ्यांनी काहीतरी विचार केलेला असतो हे मान्य. तो सामान्य माणसाला दोन वाक्यांत सांगायचं सोडून पडद्यावर कलम दाखवतात, हे अजूनही मान्य नाही.

आईचं आणि माझं बिनसलं ते बाटलीवरून. आईच्या दुधाळ इन्सुलिनची कुपी तळहातांत हलकेच घोळवायची असते, जोरात हलवायची नाही. हे तिनं मला इतक्या वेळा बजावलंय, की कॅनिन्सुलिनची बाटली चांगली जोरात हलवा असं नर्स म्हणाली तेव्हा माझे हात आखडले. पण या औषधाची सूचनाच तशी आहे. सगळीकडे सारखं दुधाळ होईपर्यंत हलवायचं, वर आलेला फेस बसू द्यायचा आणि मग सिरिंज भरायची. व्हिडिओ कॉलवर आईनं हे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

ती नर्स. तिच्याबद्दल लिहायला बसले तर हा लेख तिचाच होईल. अर्धा तास तिनं आम्हाला फक्त सलाईन भरून सराव करायला लावला. मानेमागे टोचू नका, तिथे रक्तपुरवठा कमी. छातीच्या बाजूला, बरगड्यांवर, रोज जरा जागा बदलून. दोन बोटांच्या चिमटीत कातडी उचलायची, तिचा तंबू होतो, त्या तंबूच्या तोंडाशी सुई. सुई आरपार गेली तर औषध पलीकडच्या केसांवर सांडतं. म्हणून टोचल्यावर केस चाचपायचे. ओले लागले तरी पुन्हा टोचायचं नाही. मी दचकले. म्हणजे तो डोस बुडालाच? "बुडू दे," ती म्हणाली, "एक वेळ साखर चढली तर संध्याकाळी बघू. दोन डोस गेले तर संध्याकाळ दिसायची नाही." तिच्या तोंडून हे फार सहज आलं. आपल्याकडे वाढलेल्या साखरेचा धाक इतका, की उतरलेली साखर जास्त घातक असते हे डोक्यात बसायला वेळ लागतो. आता आमच्या फ्रिजच्या दारावर तिच्या अक्षरातला कागद आहे: लटपटायला लागला, थरथरला, नजर हरवली, तर मध किंवा ग्लुकोज हिरड्यांना चोळा आणि मग फोन करा. फोन मग. आधी हिरड्या.

कुत्र्याच्या मधुमेहात सगळ्यात अवघड सुई नाही, घड्याळ आहे. दर बारा तासांनी सारखंच खाणं, काट्यावर तोलून, आणि ते पोटात गेल्याची खात्री झाल्यावर इन्सुलिन. नाही खाल्लं तर पूर्ण डोस द्यायचा नाही, व्हेटला विचारायचं. ऑक्टोबरमध्ये इथली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा सरकारनं आमची एक रात्र लांबवलीच म्हणायची. आम्ही रोज पंधरा मिनिटं सरकवत नेली. गुंड्याला मार्च-ऑक्टोबर कळत नाही, भूक कळते.

मधूनमधून दिवसभराचा आलेख काढायचा असतो. दर दोन तासांनी कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला बारीक टोचून रक्ताचा थेंब. पाळी आधी गरम रुमालानं शेकली तर थेंब लगेच येतो, नाहीतर गुंड्या आणि मी एकमेकांकडे रागानं बघत बसतो. मीटरही कुत्र्यांसाठीचा घेतलाय, कारण माणसांच्या रक्तात तांबड्या पेशींतही बरीच साखर असते, कुत्र्याच्या रक्तात ती जवळजवळ सगळी बाहेरच्या द्रवात, त्यामुळे माणसांचा मीटर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. बाबांना हा आलेख फार आवडतो. ते त्यावर डोस सुचवतात. मी ऐकते, व्हेटना विचारते, आणि व्हेट म्हणतील तेच करते. पण बाबांना तसं सांगत नाही.

आत्याला यातलं काहीच आवडत नाही. फोनवर म्हणाली, "कुत्र्याची सुई बारा तासांनी चुकत नाही तुझी, आणि आईची सुई कोण देतंय?" बाबा देतात. तीस वर्षं बाबाच देतात. मी घरी असतानाही त्यांनी मला कधी हात लावू दिला नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक आहे. भाऊ दोन गल्ल्या सोडून राहतो. डॉक्टर खालच्या मजल्यावर. गुंड्याला सगळ्या जगात आम्ही दोघं. तेव्हा हे कोष्टक असं मांडायचंच नसतं. पण मांडलंय तर मीही एक रकाना भरते. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, आणि त्याच्या लघवीत साखर उतरली. तेव्हा कुठे हा आजार नेमका कुठून येतो ते कळलं. १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं तेही कुत्र्यांवर. त्यातली मार्जरी नावाची एक कुत्री स्वादुपिंड नसताना त्या अर्कावर काही आठवडे जगली. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं ते त्यानंतर. म्हणजे आईची सुईसुद्धा मुळात कुत्र्यांकडून उसनी आणलेली आहे. आत्या म्हणाली, "बरं," आणि लग्नाच्या आमंत्रणाकडे वळली.

सध्या लक्ष आहे ते डोळ्यांवर. मधुमेही कुत्र्यांपैकी बहुतेकांना वर्षभराच्या आसपास मोतीबिंदू होतो, साखर बऱ्यापैकी आटोक्यात असली तरीही. भिंगात साखरेचं सॉर्बिटॉल होतं, ते पाणी ओढतं आणि भिंग गढूळतं. गुंड्याच्या डाव्या डोळ्यात निळसर झाक आलीय. शस्त्रक्रिया होते, भिंगही बसवतात, पण आधी साखर स्थिर हवी. ती अजून हट्टीपणा करतेय. विमा जुना आहे म्हणून निभावतंय. मधुमेह निघाल्यावर नवा घ्यायला गेलं तर नेमका तोच आजार वगळतात.

डिसेंबरचं तिकीट त्यामुळे अजून काढलेलं नाही. शेजारच्या निवृत्त शिक्षिका शिकायला तयार झाल्यात. नर्सनं त्यांना पुढच्या आठवड्यात बोलावलंय, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबाही तेव्हाच दाखवणार आहे. बाईंनी मला एकच विचारलं, चावतो का? सुईला नाही. नखं कापायला घेतली तर मात्र घरात कुणाचीच धडगत नसते.