वाजवायची पेटी, उघडायची पेटी

२०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी ओसरलं, तेव्हा आमच्या भाड्याच्या घराच्या सोप्यात अकरा पेट्या, म्हणजे हार्मोनियम, ओळीनं मांडलेल्या होत्या. त्यातली एकही माझी नव्हती. माझी पेटी वरच्या मजल्यावर कोरडी ठणठणीत होती, पण तिला काम नव्हतं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गणपती दोन आठवड्यांवर आलेले, माझ्या आठ तारखा ठरलेल्या, त्यातल्या सहा रद्द. मंडळांनी कार्यक्रमाचे पैसे पूरग्रस्तांकडे वळवले. त्यांचं काही चुकलं नाही. पण पूरग्रस्तांच्या यादीत पेटीवाला कुठं बसतो, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या अकरा पेट्या माझ्याकडे आल्या कशा, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

मी तासगाव तालुक्यातला. वडील भजनी मंडळात टाळ धरायचे. मंडळात पेटी वाजवणाऱ्या आबांचा हात थरथरायला लागला, तेव्हा त्यांनी देवळात मला शेजारी बसवून घेतलं. त्यांना स्वरलिपी येत नव्हती. माझं बोट धरून पट्टीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हितनं. काळी चारचा सा हितनं." काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. पुढं सांगलीत बी.कॉम. करताना क्लास लावला, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत विशारद झालो, आणि २०११ साली ठरवलं की पेटीवरच जगायचं. घरी आरडाओरडा झाला नाही. वडिलांनी एकच विचारलं, "वर्षाला तारखा किती हुतील?" मला सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली.

वहीत सहा रकाने आखले: तारीख, गाव, कोणाबरोबर, ठरले किती, आले किती, कधी आले. शेवटचा रकाना पुढं रुंद करावा लागला. त्यात 'दसऱ्यानंतर', 'खजिनदारांचा फोन लागत नाही', 'अध्यक्ष पुण्याला गेलेत' असा मजकूर मावेना.

पहिल्या वर्षी ६१ तारखा झाल्या. गावातल्या रात्रभराच्या भजनाचे तीनशे रुपये, वर नारळ आणि टॉवेल-टोपी. दुसऱ्या वर्षाअखेर घरात चौदा टोप्या जमल्या होत्या. सप्ताहात कीर्तनाला साथ केली की बुवांचं पाकीट वेगळं, आमचं वेगळं. दिवाळी पहाटेला त्यातल्या त्यात बरं मानधन आणि वर फराळ.

वहीनं मला पंचांग शिकवलं. आषाढीच्या आगेमागे अभंगांचे कार्यक्रम, श्रावणात सप्ताह, मग गणपती. पितृपक्षात वहीचं पान कोरं. नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. पौष पुन्हा कोरडा. चैत्रात रामनवमी आणि गावोगावच्या जत्रा. वर्षभराची कमाई तीन-साडेतीन महिन्यांत होते आणि ती बारा महिने पुरवायची असते. हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला नवीन नव्हतं. फरक एवढाच की सोसायटी पिकावर कर्ज देते, तारखांवर देत नाही.

इसार घ्यायला शिकायला मला काही वर्षं लागली. आमच्याकडं साथीदारानं पैशाचं तोंड उघडणं बरं दिसत नाही. गायक ठरवतो, आयोजक गायकाला देतो, गायक आपल्याला देतो, आणि मधल्या दोन्ही ठिकाणी थोडी झिरप होते. २०१३ साली एका गावच्या गणपती मंडळानं माझे दीड हजार रुपये ठेवले ते ठेवलेच. त्यानंतर मी नियम केला: अर्धे पैसे आधी, नाहीतर तारीख वहीत चढणार नाही. सुरुवातीला चार जणांनी नाकं मुरडली. त्यातले तिघे पुन्हा आले.

दुसरी गोष्ट रात्री दहाची. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम मला मान्य आहे, रस्त्यावरच्या स्पीकरच्या भिंतींचा आवाज मीही सोसतो. पण सत्कारांना दीड तास लागतो, गाणं पावणेनऊला सुरू होतं आणि भैरवीच्या आत पोलीस स्टेजमागं येऊन उभे राहतात. मग आयोजक म्हणतात, "मास्तर, निम्माच कार्यक्रम झाला की, पैसं जरा बघा." अशा वेळी इसार कामाला येतो.

ऑर्केस्ट्रावाल्यांना पेटी नको असायची, कीबोर्ड हवा असायचा. पतसंस्थेचं कर्ज काढून जुना कीबोर्ड घेतला. लग्नाच्या हळदीला, डोहाळजेवणाला, एकदा तर ट्रॅक्टरच्या शोरूमच्या उद्घाटनाला वाजवला. एका शाळेत तासावर संगीत शिकवलं, तिथं मार्चपर्यंतचे पैसे जूनमध्ये मिळायचे. स्नेहसंमेलनांसाठी ट्रॅक करून दिले. हौशी गायकांना हवी ती गाणी ऐकून स्वरलिपीत उतरवून दिली, एका गाण्याचे शंभर रुपये. या कामांबद्दल मला तक्रार नाही आणि फारसं सांगण्यासारखंही नाही.

सांगण्यासारखं आहे ते मिरजेचं. २०१४च्या पौषात माझ्या पेटीचा एक सूर, म्हणजे वाऱ्यानं वाजणारी आतली पितळी जीभ, तुटला. मिरज म्हणजे सतारी-तंबोऱ्यांचं गाव, दोन्हींना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्या गल्लीत पेटीचं काम करणारे एक चाचा होते. ते तंबोऱ्याच्या जवारीत, म्हणजे तार गुंजावी म्हणून घोडी घासण्यात, गुंतलेले. मान वर न करता म्हणाले, "सामान तिथं आहे. तूच बसव." मी बसवला, चुकला. त्यांनी काढायला लावला. पुन्हा बसवला. त्यानंतर दोन वर्षं, तारीख नसेल त्या मंगळवारी मी तिथं जाऊन बसायचो. पगार नाही, चहा दोन वेळा.

तिथं कळलं की आठ-दहा वर्षं जी वाजवतोय ती मी आतून पाहिलीच नव्हती. साध्या पेटीला ३९ पट्ट्या असतात. दोन ओळींची असेल तर आत पितळेचे ७८ सूर. तीन ओळी असल्या तर खर्ज, नर, मादी, म्हणजे खालच्या, मधल्या आणि वरच्या आवाजाची ओळ. जुन्या पेटीत जर्मन सूर निघाले की चाचा ते पुसून कागदात गुंडाळून ठेवायचे. नवे सूर बहुतेक गुजरातेतल्या पालिताण्याचे. सूर टोकाला खरवडला की चढतो, मुळाशी खरवडला की उतरतो. केसाएवढं जास्त खरवडलंत तर पुन्हा दुसऱ्या बाजूनं मागं यायचं, आणि असं दोन-तीनदा झालं की पितळ पातळ होऊन सूर मरतो. दोन ओळींचा एकच स्वर एकत्र धरला की तो डोलतो. डोल हळूहळू लांबत जातो आणि एका क्षणी थांबतो, म्हणजे जुळला. मोबाईलवरचं ट्यूनर ॲप तिथपर्यंत आणून सोडतं. शेवटचा डोल कानानंच थांबवायचा.

तर पूर. आसपासच्या भजनी मंडळांना माहीत होतं की हा किडुकमिडुक दुरुस्ती करतो. पाणी उतरल्यावर देवळं उघडली, तेव्हा पेट्या गाळात बसलेल्या सापडल्या. कुणी पोत्यात घालून आणली, कुणी मोटरसायकलवर पुढ्यात धरून. एका गावची बाई तर म्हणाली, "घरातलं समदं गेलं, ते बघू. पर ही आमच्या सासऱ्यांची हाय, एवढी बोलती करा."

पाण्यात राहिलेल्या पेटीचं पहिलं काय जातं, तर सरस. भात्याच्या घड्या, कापड, कातडं सगळं सरसानं चिकटवलेलं असतं. ते पाण्यात सुटून हातात येतं. मग लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींत अडकतात. पोलादी स्प्रिंगा आणि स्क्रू आठवड्यात गंजून बसतात. पितळी सूर गंजत नाहीत, पण सूर आणि त्याची चौकट यांच्यामधल्या फटीत गाळ बसतो आणि सूर बोलतच नाही. लोकांनी घाईनं केलेली चूक म्हणजे पेटी उन्हात ठेवणं. दोन पेट्यांच्या फळ्या तशाच तडकल्या. पेटी सावलीत, वाऱ्यावर, उघडून वाळवावी लागते, आणि ऑगस्टात सांगलीत वारा कोरडा कुठला? मी सोप्यात दोन पंखे रात्रंदिवस चालू ठेवले. घरमालकानं त्या महिन्याच्या विजेचे पैसे घेतले नाहीत. त्याचा स्वतःचा खालचा मजला धुवायचा राहिला होता.

सूर एकेक काढून, नंबर टाकून, जुन्या टूथब्रशनं धुतले. जीभ वाकू नये म्हणून खाली पातळ पत्रा सरकवायचा. घरभर गाळाचा वास, बायकोनं उदबत्त्या लावून लावून कंटाळून सोडून दिल्या. अडीच महिने लागले. अकरांपैकी सात पेट्या बोलल्या, चार नाही. त्या चारांचे सूर मी मंडळांना विचारून ठेवून घेतले, पुढं दुसऱ्या पेट्यांत गेले. पेटीमागं बाराशे रुपये ठरले होते. दोघांनी ज्वारी दिली. सासऱ्यांची पेटी बोलली. तिचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्या बाईच्या घरून आलेलं तूप घेतलं.

या सगळ्यात कान बदलला. पेटी बारा सारख्या अंतरांवर लावलेली असते, म्हणून तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंटनी (एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट) चढा असतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, ऐकलं नव्हतं. ७८ सूर सात वेळा लावल्यावर ऐकू यायला लागलं आणि मग बंदच होईना. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. ती सैल व्हायला तीसेक वर्षं गेली. पूर्वी मला त्या बंदीचा राग यायचा, आता निम्माच येतो. मी माझी एक जुनी पेटी काळी एकला तंबोऱ्याबरोबर लावून घेतली. ती काळी एकला गोड, पण पट्टी बदलली की बेसूर. ऑर्केस्ट्राला बिनकामाची. मात्र कोल्हापूरकडच्या एका ख्याल गाणाऱ्या बाईंनी ती ऐकली. त्यांचा सा काळी एकच. तेव्हापासून त्यांच्या बैठकांना ती पेटी आणि मी, दोघं जातो. दुरुस्तीनं मला मिळवून दिलेल्या त्या पहिल्या तारखा.

मग २०२०. मार्चपासून वही बंद. जत्रा नाहीत, लग्नं दारातल्या दारात. अनलॉकनंतर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत्याकडं बिलं लिहायला लागलो, बी.कॉम. पहिल्यांदाच उपयोगी पडलं. संध्याकाळी कितीही हात धुवून रियाजाला बसलं तरी हळद नखांत राहायची. माझ्या पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढऱ्या पट्ट्या अजून पिवळसर आहेत. कार्यक्रमात कुणी विचारलं तर सांगतो, जुनी हस्तिदंती आहे.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात सांगतो. २०२२ साली घरीच चार पेटीवादनं ध्वनिमुद्रित केली, एका वितरकामार्फत ॲपांवर टाकली. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. वितरक बदलला तरी तोच चालवायचा. महिन्याभरात माझ्या भैरवीवर एका कंपनीचा हक्काचा दावा आला. त्यांच्याही कॅटलॉगमध्ये कुणाची तरी पेटीवरची भैरवी होती, आणि यंत्राला दोन्ही एकच वाटल्या. मी आक्षेप नोंदवला, तीस दिवसांनी दावा सुटला. कमाई म्हणाल तर वर्षाला चारशे दहा रुपये. एका मोठ्या ॲपवर २०२४पासून बारा महिन्यांत हजार वेळा वाजल्याशिवाय ट्रॅकला पैसेच नाहीत. माझा एकच ट्रॅक हजाराच्या पुढं गेलाय.

त्याहून उपयोगाची गोष्ट मला उशिरा कळली. एका भक्तिगीतांच्या अल्बमसाठी मी तीन चाली पाच हजारांना दिल्या होत्या आणि 'सर्व हक्क' लिहिलेल्या कागदावर सही केली होती. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा असा सहीनं सोडून देता येत नाही. आयपीआरएस ही संस्था १९६९पासून गीतकार-संगीतकारांसाठी तो गोळा करते. मी सभासद झालो. नुसती पेटी वाजवणारा त्यात बसत नाही, चाल लावणारा बसतो. म्हणून आता चाल माझी असेल तर कागदावर तसं लिहून घेतो.

सध्या तिसरी वही चालू आहे. गेल्या वर्षी ७९ तारखा आणि ५२ पेट्या झाल्या. वडिलांना दोन्ही आकडे सांगितले, त्यांनी बेरीज करून "बरं हाय" म्हटलं. पेट्यांची पानं वहीच्या मागच्या बाजूनं सुरू होतात. तिथं 'कधी आले' हा रकानाच आखलेला नाही, कारण पैसे दिल्याशिवाय पेटी दाराबाहेर जात नाही.

परवा एक पेटी आली. भाता फाटलाय, मधल्या सप्तकातले चार सूर मुके आहेत. घेऊन आलेला पोरगा नवा होता, त्यानं मंडळाचं नाव सांगितलं तेव्हा मी पहिली वही काढून बघितली. तेच, २०१३चं. पेटी शनिवारी तयार होईल. बिल आजच करून ठेवलंय. त्यात दोन ओळी आहेत: दुरुस्ती अठराशे, मागील बाकी दीड हजार.