निरभ्र आभाळातले हादरे

खिडकीबाहेर ढगाचा पुंजकासुद्धा नव्हता. तरीही विमान असं हादरलं की ट्रेवरचा पाण्याचा ग्लास मी दोन्ही हातांनी धरला. मागून कुणीतरी म्हणालं, "एअर पॉकेट!" हा शब्द मला खटकतो. आकाशात खड्डे नसतात. हवा सगळीकडे असतेच, बदलतो तो वारा.

साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीमचे, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचे, झोत वाहतात. त्यांच्या काठाशी थोडं वरखाली झालं तरी वाऱ्याचा वेग झपाट्याने बदलतो. हाच विंड शिअर. वेगवान थर संथ थराला घासत जातो, दोघांच्या सीमेवर लाटा उठतात, दुमडतात आणि फुटतात. आपल्याला बसतात ते या फुटलेल्या लाटांचे धक्के. एका जुन्या प्रवासात मी त्या लाटा डोळ्यांनी पाहिल्या आहेत: पातळ ढगावर ओळीने उभ्या, शेंडे एकाच बाजूला कलंडलेले. केल्विन-हेल्महोल्ट्झ लाटा म्हणतात त्यांना. ढग नसला की तीच घुसळण दिसत नाही, आणि विमानाच्या रडारलाही सापडत नाही, कारण ते पाण्याचे थेंब टिपतं, कोरडी हवा नव्हे. म्हणून वैमानिकाची बरीचशी भिस्त पुढे गेलेल्या विमानांच्या निरोपावर असते. आमच्या कॅप्टननेही तेच सांगितलं: पुढच्या विमानाला खालच्या उंचीवर शांत हवा मिळाली आहे, आपण उतरतोय. आधी वेग कमी केल्याचं इंजिनाच्या आवाजावरून कळलं. पंखाचं टोक वरखाली लवत होतं. ते लवावं अशीच त्याची घडण असते, तरी मी बराच वेळ तिकडेच बघत राहिलो.

खरी कसोटी उतरताना होती. विमानतळाच्या कडेला वादळी ढग उभा होता. चाकं बाहेर आलेली, धावपट्टीचे दिवे दिसायला लागलेले, आणि अचानक इंजिनं गरजली. पाठ सीटला चिकटली. आम्ही पुन्हा वर चढत होतो.

जमिनीजवळचा विंड शिअर घातकी असतो. ढगातून हवेचा झोत खाली कोसळून चहूकडे पसरतो, त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्यात शिरताना समोरून वारा मिळतो, विमान उचललं जातं, सगळं छान चाललंय असं वाटतं. काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येतो, पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग पडतो आणि विमान खचतं. सावरायला खाली उंचीच उरलेली नसते. 2 ऑगस्ट 1985 रोजी अमेरिकेतल्या डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळाजवळ डेल्टा एअरलाइन्सचं 191 क्रमांकाचं प्रवासी विमान असंच कोसळलं आणि 137 जीव गेले. त्यानंतर अमेरिकेत प्रवासी विमानांवर विंड शिअरचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. इशारा वाजला की वैमानिक इंजिनांची पूर्ण ताकद लावतो, नाक वर धरतो, आणि धोक्यातून बाहेर पडेपर्यंत चाकं आणि फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेचे, खाली झुकणारे भाग) आहेत तसेच ठेवतो.

"विंड शिअरचा इशारा मिळाला, म्हणून उतरलो नाही. ढग सरकेपर्यंत थांबू," कॅप्टनचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. शेजारच्या बाईंनी सीटचा हात घट्ट धरला होता. त्यांना मी एवढंच म्हणालो, "त्यांनी योग्य तेच केलं."

आम्ही वीसेक मिनिटं घिरट्या घातल्या. दुसऱ्या खेपेला चाकं टेकली तेव्हा धावपट्टी ओली होती आणि वारा पडलेला होता.