बी.एड.ची शिष्यवृत्ती वेळेवर हातात पडावी म्हणून

शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी सरकार काहीच करत नाही, अशी तक्रार मी नागपुरात वारंवार ऐकते. मला ती पटत नाही. योजना आहेत, आणि त्यांतल्या काही चांगल्या भरघोस आहेत. खरा प्रश्न रक्कम केव्हा हातात पडते हा आहे, आणि एका अध्यापक महाविद्यालयात शिकवत असल्यामुळे त्याची झळ छात्राध्यापकांना, म्हणजे बी.एड. करणाऱ्या विद्यार्थ्यांना, कशी बसते ते मी दरवर्षी जवळून पाहते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांची शालेय आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, आली. त्यांपैकी सोळा आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. एरवी दुकानात हिशेब लिहून किंवा शिकवण्या घेऊन खर्च भागवणारा विद्यार्थी या काळात दिवसभर शाळेत असतो, संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचे पाठ टाचण लिहितो, तक्ते रंगवतो, आणि त्याची कमाई नेमकी तेव्हाच थांबते. मानेवाड्यात किंवा नंदनवनात खोली घेऊन राहणाऱ्या भिवापूर-पारशिवनीकडच्या मुलीला खोलीचे भाडे, मेस आणि शाळेपर्यंतचे बसभाडे मात्र त्या महिन्यांतही द्यावेच लागते. शिष्यवृत्तीची रक्कम वर्ष संपल्यावर आली, तर तिने तोवर घेतलेले उसने पैसे फेडण्यापलीकडे त्या रकमेचा उपयोग उरत नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर तीत शुल्क आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. २०२०-२१ पासून केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के असे सूत्र ठरले आहे. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातले शुल्क सात दिवसांत महाविद्यालयाला द्यायचे असते, ही गोष्ट प्रवेशाच्या वेळीच घरी समजावून सांगावी, कारण ती रक्कम घरखर्चात गेली की पुढे महाविद्यालयाशी वाद उभा राहतो. इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक यांतील ज्या मुली केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला येतात आणि ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षण शुल्काची व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत दिली. त्याआधी ती निम्मी होती. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. घाईघाईने कोट्यातून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी पालकांनी एवढे तरी विचारून घ्यावे.

राहण्याजेवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी ती असून नागपुरासारख्या शहरात वर्षाला साठ हजार रुपये मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्गीयांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर चालतात. योजना ऐकून माहीत असते, पण वसतिगृहाचा अर्जच न केल्यामुळे या योजनेचे दार बंद होते, असे बऱ्याच जणांच्या बाबतीत होते.

आता अडते कुठे ते सांगते. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरचा अर्ज आधी महाविद्यालयाचा लिपिक पाहतो, मग प्राचार्य, मग विभागाचे कार्यालय, आणि कुठल्याही टप्प्यावर त्रुटी काढून तो परत पाठवला जाऊ शकतो. परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने स्वतः उघडून पाहिला नाही, तर तो तसाच पडून राहतो. उत्पन्नाचा एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे प्रवेश परीक्षेच्या वेळी काढलेला दाखला पावसाळ्यात, प्रवेशफेरीपर्यंत, कालबाह्य झालेला असू शकतो. याहून फसवी बाब बँक खात्याची आहे. एका छात्राध्यापिकेच्या अर्जावर रक्कम वितरित झाल्याची नोंद दिसत होती, मात्र तिच्या नागपूरच्या खात्यात एक रुपयाही आला नव्हता. पासबुकावर आधार क्रमांक नोंदवलेला होता, म्हणून ती निर्धास्त होती. प्रत्यक्षात थेट लाभ हस्तांतरणासाठी तिचे आधार शाळेत असताना गावी उघडलेल्या खात्याशी जोडलेले होते, आणि रक्कम त्या जुन्या खात्यात जाऊन बसली होती. आधार बँकेत नोंदवणे आणि ते लाभ हस्तांतरणासाठी त्या खात्याशी जोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज भरण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली, तर कोणती बँक जोडलेली आहे ते दोन मिनिटांत कळते.

१८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शेतकरी समाजातून यावेत अशी मागणी केली होती; ज्या वर्गांत शिक्षण पोहोचलेलेच नाही त्यांना काही शिष्यवृत्त्या द्याव्यात, हेही त्याच निवेदनात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.साठी गुणवत्ताधारित शिष्यवृत्त्यांचा आणि ग्रामीण विद्यार्थ्यांना पुढे त्यांच्याच भागात नोकरीत प्राधान्य देण्याचा उल्लेख आहे. माझी मागणी त्यापुढची आणि साधी आहे: निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता आंतरवासिता सुरू होण्याआधी खात्यात जमा व्हावा. पुढे शिक्षण सेवक, म्हणजे सुरुवातीच्या काळातला शिक्षक, म्हणून लागल्यावरही तीन वर्षे पूर्ण पगाराऐवजी मानधनावरच काढायची असतात. २०२३ मध्ये वाढ झाल्यानंतर ते महिन्याला प्राथमिकला १६,००० आणि माध्यमिकला १८,००० रुपये आहे. प्रशिक्षणाच्या काळातले कर्ज त्यातून फेडणे किती कठीण जाते, याचा विचार धोरण आखणाऱ्यांनी करायला हवा.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करावे. उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्ये नव्याने काढावा, जात पडताळणीचा अर्ज प्रवेशाची वाट न पाहता आधीच द्यावा, आणि महाडीबीटीवर आठवड्यातून एकदा डोकवावे. नागपुरात अडचण आलीच तर दीक्षाभूमीजवळच्या सामाजिक न्याय भवनात अर्जाची छापील प्रत घेऊन जावे, कारण अर्ज क्रमांक समोर असला की बोलणे लवकर आटोपते. स्वाधारसाठी ७५ टक्के हजेरी लागते आणि आंतरवासितेतली हजेरी सराव शाळेच्या वहीत असते. म्हणून शाळा सोडण्याच्या शेवटच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह तिची प्रत मागून घ्यावी.