कल्हईइतका पातळ थर

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही 1972 सालची एअरस्ट्रीम घेतली. एअरस्ट्रीम म्हणजे चकचकीत अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं चाकांवरचं घर; आमची 23 फुटी, गाडीमागे जोडून ओढायची. हिचा कारखाना 1952 पासून इथे ओहायोतच, जॅक्सन सेंटर गावात आहे, आमच्या कोलंबसच्या घरापासून साधारण दीड तासावर. त्यामुळे रस्त्यावर चकचकीत एअरस्ट्रीम वरचेवर दिसायच्या आणि दरवेळी मी वळून बघायचे. आमची मात्र पिवळट, मळकट, जागोजागी पापुद्रे सुटलेली होती.

पहिले दोन आठवडे मी फक्त धुतली आणि बघितली. घाई केली नाही, हे बरं झालं. पिवळेपणा पत्र्याचा नव्हता, त्यावरच्या क्लिअर कोटचा होता. कारखान्यात दिलेला तो पारदर्शक लेप पन्नास वर्षांच्या उन्हात मेला होता. कडांना आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या ओळींलगत, वाळवीने भिंतीवर रेघा काढाव्यात तशा बारीक नागमोडी पांढऱ्या रेघा होत्या. लेपाच्या फटीतून ओल आणि मीठ शिरतं आणि आतल्या आत गंज चरत जातो, त्या ह्या रेघा. लेप निघेपर्यंत पॉलिशला हात लावण्यात अर्थ नव्हता.

लेप काढायचे मिथिलिन क्लोराइडचे जालीम रिमूव्हर 2019 पासून इथे अमेरिकेत घरगुती वापरासाठी दुकानात मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे, कारण त्याच्या वाफेने माणसं गेली आहेत. मी बेन्झिल अल्कोहोलचा रिमूव्हर आणला. तो सावकाश काम करतो. सावलीत जाड हात द्यायचा, वरून प्लास्टिकचा कागद चिकटवायचा म्हणजे सुकत नाही, आणि दोन-तीन तास थांबायचं. मग लेप सुरकुत्या पडून सायीसारखा वर येतो. प्लास्टिकच्या पट्टीने ओढायचा, लोखंडी पातं अजिबात नाही. हातमोजे, चष्मा, मास्क हे सगळं हवंच. खिडक्या आणि रबर मी नीट झाकलं होतं, पण मागच्या लाल दिव्यावरचा टेप एका कोपऱ्यात सुटला. तेवढ्यातून ओघळ गेला आणि दिव्याची काच कायमची धुरकट झाली. ती प्लास्टिकची असते, हे लक्षात ठेवा.

आता खरी गोष्ट. हा पत्रा अल्क्लॅड जातीचा असतो. आत मजबूत मिश्रधातू आणि दोन्ही बाजूंना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर. मिश्रधातू लवकर गंजतो, शुद्ध अॅल्युमिनियम त्याला सांभाळतं. आरशासारखी झळाळी येते तीही ह्याच थराला. सगळा पत्रा जेमतेम 0.8 मिलिमीटर, आणि वरचा थर त्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे डोक्याच्या केसाहून पातळ.

आई तेव्हा उन्हाळ्यासाठी कराडहून आली होती. तिला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे कल्हईच की गं. कल्हईच्या पातेल्याला काथ्या लावायचा नाही, एवढं सांभाळ." माझ्या डोक्यात जे चार दिवस स्पष्ट होत नव्हतं ते तिने एका वाक्यात सांगितलं. पॉलिश म्हणजे धातू खरवडणंच. दरवेळी थोडा थर जातो आणि तो परत येत नाही. म्हणून सँडपेपर नाही, तारेची घासणी नाही. दाराजवळ हातभर जागेत आधीच्या कुणीतरी तेच केलं होतं. तिथे गोल ओरखडे आहेत आणि झळाळी शेवटपर्यंत आली नाही.

मी न्यूवाइट कंपनीचे पॉलिशचे तीन कंपाउंड वापरले, भरडपासून बारीकपर्यंत: एफ-7, मग सी, शेवटी एस. पहिल्या दोघांना रोटरी मशीन आणि लोकरीचा पॅड. दोन फूट बाय दोन फूट एवढीच जागा धरायची, बोटाने कंपाउंडचे लहान ठिपके लावायचे आणि मशीन रिव्हेटच्या दोन ओळींमधून पत्र्याच्या लांबीच्या दिशेने न्यायचं. आधी सगळं डांबरासारखं काळं होतं. घाबरायला होतं, पण तो निघालेला गंजाचा थर असतो. मशीन फिरत राहिलं की काळं विरळ होत जातं आणि एका क्षणी त्यात स्वतःचा मनगटापर्यंतचा हात दिसतो. मला तो क्षण दर चौकोनात पुन्हा पुन्हा हवासा वाटायचा. पण दिसला की थांबायचं, हे मी मनाला बजावत होते.

रिव्हेटच्या भोवती काळा राप अडकून बसतो. त्यावर मैदा भुरभुरून मऊ कापडाने पुसायचा, तेलकट काळेपणा पिठात येतो. आईला हे आवडलं नाही. अन्न असं वाया घालवायचं नाही, म्हणून तिने कपाटातलं जुनं, पोरकिडे झालेलं पीठ काढून दिलं आणि स्वतः खालच्या दोन ओळी पुसल्या. दातांच्या जुन्या ब्रशने, समईची घडण पुसावी तसं एकेक रिव्हेट.

शेवटच्या एसला सायक्लो कंपनीचं दोन डोक्यांचं मशीन, पॅडवर स्वेटशर्टचं मऊ कापड. ह्याने रोटरीच्या गोल रेघा जातात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कंपाउंड चटकन सुकतं, म्हणून सकाळी सहा ते नऊच काम केलं. वहीत तास लिहीत होते, एकूण 118 झाले. छप्पर तसंच ठेवलं. ते कुणाला दिसत नाही, मग थर कशाला खर्च करायचा?

झळाळी आल्यावर गारांचे खड्डे आधीपेक्षा ठळक दिसू लागले. आरसा ते लपवत नाही. नवऱ्याला ते भरून काढावेसे वाटत होते, मी नको म्हटलं. पत्रा उघडाच ठेवायचा की नवा क्लिअर कोट मारायचा, ह्यावर आमचे दोन आठवडे गेले. शेवटी उघडा ठेवला. आणखी पन्नास वर्षांनी कुणालातरी तो लेप खरवडावा लागेल, हे मला नको होतं.

ह्या मे महिन्यात पुढची बाजू थोडी धुरकट झाली होती. रस्त्याची धूळ आणि खडी तिथेच लागते. तेवढ्याच भागावर एसचा एक हात फिरवला, तीन तासांत झालं. बाजूच्या पत्र्यात शेजारच्यांचं मेपलचं झाड अजून पानापानासकट दिसतं, तिथे मी हातही लावला नाही.