लाइपझिगच्या वृद्धनिवासातील स्वयंसेवेचे वर्ष

जर्मनीने 2011 साली सक्तीची लष्करभरती स्थगित केली आणि तिच्याबरोबरच, लष्करात जाण्यास नकार देणारे तरुण रुग्णालयांत व वृद्धनिवासांत जी पर्यायी सेवा करीत असत, तीही संपली. ती उणीव भरून काढण्यासाठी त्याच वर्षीच्या जुलैपासून राष्ट्रीय स्वयंसेवा सुरू झाली. इथे सगळे तिला ‘बीएफडी’ म्हणतात. जर्मन शिकून भारतातून येणाऱ्यांनाही तिच्यासाठी अर्ज करता येतो, आणि त्याच मार्गाने मी सध्या लाइपझिगमधल्या एका वृद्धनिवासात काम करते आहे. ही नोकरी नव्हे आणि परिचारिकेचे प्रशिक्षणही नव्हे. संस्था हातखर्चापुरते पैसे देते, विम्याचे हप्ते भरते आणि वर्षातले 25 दिवस शिबिरांसाठी राखून ठेवते. पुण्यातल्या जर्मनच्या वर्गांतून मला जे प्रश्न विचारले जातात, ते बहुधा व्हिसाचे आणि पैशांचे असतात. रोजचा दिवस कसा जातो, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून त्याविषयीच लिहिते.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचे पत्र लागते. ही नोंद रखडली, तर पुढची बरीच कामे अडून बसतात. घरात टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला 18.36 युरो प्रसारणशुल्क द्यावे लागते. चौघी मिळून राहत असाल, तर ते आपसांत वाटून घेता येते, हे आधीच माहीत असलेले बरे.

सकाळची पाळी साडेसहाला सुरू होते. डिसेंबरात इथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ट्रामच्या थांब्यावर उभी असते तेव्हा मिट्ट काळोख असतो. प्रत्येक खोलीचे दार वाजवायचे, क्षणभर थांबायचे आणि मगच आत जायचे, ही पहिल्या दिवशी मिळालेली शिकवण. आतल्या व्यक्तीला उत्तर देता येत नसले, तरी हा नियम मोडायचा नाही. कोणालाही ‘आजी’ म्हणायचे नाही, आडनावाने आणि आदरार्थीच बोलायचे. आरंभी मला यात कोरडेपणा वाटला होता. आता वाटते की, ज्या माणसाला अंघोळीसाठीही दुसऱ्याचा हात लागतो, त्याचा मान सांभाळण्याची ही फार विचारपूर्वक घातलेली रीत आहे.

न्याहारीच्या वेळी पावाच्या कडा कापून देणे, लोणी लावणे, चहा योग्य तेवढा कोमट आहे ना ते पाहणे, ही कामे माझ्याकडे असतात. ज्यांना गिळताना ठसका लागतो, त्यांच्या पाण्यात एक दाटपणा आणणारी पूड मिसळतात. पिठल्यात गुठळी होऊ नये म्हणून हात जसा सतत फिरता ठेवावा लागतो, तसाच तो इथेही ठेवावा लागतो.

आपल्याकडे वृद्धाश्रम म्हटले की, मुलांनी टाकून दिलेले आईवडील डोळ्यांसमोर येतात. इथे 1995 पासून शुश्रूषेसाठी सक्तीचा स्वतंत्र विमा आहे आणि 2017 पासून माणसाच्या परावलंबित्वाच्या पाच श्रेणी ठरवून त्यानुसार मदत मिळते. ती पुरत नाही. उरलेला खर्च पेन्शनमधून आणि साठवणीतून जातो. आमच्या मजल्यावर रविवारी केक घेऊन येणाऱ्या मुली आहेत, तशीच ज्यांच्याकडे कोणीच येत नाही अशी माणसेही आहेत. त्यामुळे या व्यवस्थेला निष्ठुर म्हणणे मला अन्यायाचे वाटते आणि आदर्श म्हणणेही जमत नाही.

परिचारिकांना खरी टंचाई आहे ती वेळेची, आणि माझ्याकडे आहे तो वेळच. दुपारी तीनला कॉफी आणि केक होतो, तेव्हा मी एका बाईंशेजारी बसते. त्या अस्सल सॅक्सन, म्हणजे या भागातल्या, बोलीत बोलतात आणि वर्गात शिकलेली जर्मन त्यांच्यापुढे कितीतरी आठवडे निरुपयोगी ठरत होती. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतल्या कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्या 9 ऑक्टोबर 1989 च्या सोमवारविषयी त्या पुन्हा पुन्हा सांगतात: शहराच्या मध्यभागी जाऊ नका, अशी ताकीद मिळालेली, गोळीबार होईल या भीतीने घरातली माणसे अडवत असलेली, आणि तरीही संत निकोलाय चर्चमधल्या प्रार्थनेनंतर सुमारे 70,000 लोक वर्तुळाकार रस्त्यावरून शांतपणे चालत गेलेले. गोळी झाडली गेली नाही, आणि महिन्याभराने बर्लिनची भिंत उघडली. हे सांगताना त्या माझे मनगट घट्ट धरून ठेवतात. त्याच रस्त्यावरून माझी ट्राम रोज जाते, आणि तो रस्ता आता मला परका वाटत नाही.

येऊ इच्छिणाऱ्यांना माझे एकच कळकळीचे सांगणे आहे. स्वयंसेवकाने पगारी कर्मचाऱ्याची जागा भरायची नाही, तर त्याच्या कामाला जोड द्यायची, असे या सेवेचा कायदाच सांगतो. म्हणून मुलाखतीत खोलीच्या भाड्याबरोबरच हेही स्पष्ट विचारा, की पाळीवर तुमच्यासोबत कोण असेल, कोणती कामे तुमच्याकडे कधीच येणार नाहीत, आणि रहिवाशांजवळ नुसते बसण्यासाठी किती वेळ मिळेल. शेवटच्या प्रश्नाला जिथे नीट उत्तर मिळत नाही, तिथे दुसरी संस्था शोधा.